गंगाधामच्या चढाखालचे घर

भवानी पेठेतील आमच्या वाड्यात खोल्या तीन आणि माणसे दहा. सासू-सासरे, जेठजींचे चौघे आणि आम्ही चौघे. जागा पागडीची; भाडे इतके किरकोळ, की पावती फाडणाऱ्या मुनीमालाही ते मागताना संकोच वाटे. खाली एके काळी गुळाचे गोदाम होते. घाऊक बाजार पेठेतून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात गेला त्याला कितीतरी वर्षे लोटली. गोदामात आता प्लायवूड रचलेले असते, तरी पहिल्या पावसात त्या फरशीतून गुळाचा वास वर येतो. श्रीगोंद्याहून लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा त्या वासानेच मला धीर दिला होता. माझ्या माहेरीही भुसाराचेच दुकान.

भांडण झाले म्हणून आम्ही वेगळे झालो नाही, हे आधीच सांगून टाकते. कारण कोणी घर घेतले की आपल्या समाजात पहिला प्रश्न तोच विचारला जातो. थोरला पुतण्या बारावीला गेला, तो जिन्यातील दिव्याखाली बसून अभ्यास करू लागला. माझी मुलगी आठवीत, तिला कपडे बदलायला आडोसा उरला नव्हता. आणि बाईंचे, म्हणजे माझ्या सासूबाईंचे, गुडघे त्या लाकडी जिन्याला कंटाळले होते. स्थानकात जायचे तर उतरताना एक नातू पुढे आणि एक मागे लागे. एका रात्री भाभींनीच विषय काढला. त्या म्हणाल्या, "आपण दोघी अजून एकमेकींशी गोड बोलतोय, तोवर एकीने दुसरं घर बघावं." त्यांच्या या वाक्यापुढे कोणालाच काही बोलता आले नाही.

मग आमचे रविवार घरे पाहण्यात जाऊ लागले.

भवानी पेठेतून निघून रामोशी गेट ओलांडावे, सेव्हन लव्हज चौकातून मार्केट यार्डाकडे वळावे. हा रस्ता आमच्या घरातील पुरुष रोज जातात. मी मात्र इतकी वर्षे त्यावरून केवळ वहीपूजनाला गेले होते. यार्डाच्या जवळच हमाल नगर आहे. आमच्या गाळ्यावर पोती वाहणारे एक वयस्क मामा तेथे राहतात. आम्ही घर शोधतो आहोत हे कळल्यावर ते हसून मला म्हणाले, "आमचं तुमच्या आधी झालं, वहिनी." त्यात टोमणा नव्हता, खरी गोष्ट होती. ज्यांच्या पाठीवर आमचा व्यापार उभा आहे, ते स्वतःच्या घरात राहत होते आणि आम्ही पागडीत. पुण्यातील हमाल पंचायत १९५५ सालची. संघटित झालेल्या कष्टकऱ्याला आधी घर सुचते, आणि आपल्यासारख्या व्यापाऱ्याला आधी दुसरा गाळा. आमच्या घरी निदान हाच क्रम होता.

यार्डापासून दोन किलोमीटरच्या आत गंगाधाम चौक लागतो. तेथून आईमाता मंदिराचा चढ सुरू होतो. आईमाता हे राजस्थानातील सीरवी समाजाचे दैवत; मारवाडातून माणसे व्यापाराला दक्षिणेत आली तेव्हा देवही सोबत आले, त्याची ही टेकडीवरची खूण. हा चढ सरळ आणि तीव्र आहे. उतरणाऱ्या जड वाहनांनी येथे अपघात केले आहेत, आणि चौकात उभे राहिले की प्रत्येक माणूस एकदा वर पाहून मगच रस्ता ओलांडतो. चढ संपला की कोंढवा बुद्रुक, पुढे खडी मशीन चौक, त्यापुढे पिसोळी आणि उंड्री. तेथून बोपदेव घाटाने सासवडला जाता येते.

या रस्त्याने जाताना शहर कसे वाढले हे क्रमानेच दिसते. कोंढवा महापालिकेत आला १९९७ साली, उंड्री २०१७ मध्ये, पिसोळी २०२१ मध्ये. गाव पालिकेत येण्याआधीच तेथे इमारती उभ्या राहतात. नळ, सांडपाणी आणि रस्ता मागाहून येतात, कधी फारच मागाहून. कात्रज-कोंढवा रस्त्याचे रुंदीकरण वर्षानुवर्षे रखडलेले आपण सर्वांनी पाहिले आहे.

पिसोळीचे घर पाहून मी प्रथम भुलले, हे कबूल करते. नवी इमारत, अकरावा मजला, ७४० चौरस फूट चटई क्षेत्र, किंमत ५८ लाख. नमुन्याच्या सदनिकेत पलंग, कपाट, टेबल सारे मांडलेले होते आणि तरीही खोल्या प्रशस्त दिसत. ह्यांनी खिशातून टेप काढली, पलंग मोजला. तो साडेपाच फुटांचा होता! माझ्या सासऱ्यांनी, ज्यांना आम्ही सारे भाऊ म्हणतो, त्यांनी विक्री करणाऱ्या मुलाला शांतपणे विचारले, "या पलंगावर झोपतं कोण?"

तरी तेवढ्यावरून नकार दिला नाही. रेरा कायदा लागू झाल्यापासून बिल्डरला चटई क्षेत्रच सांगावे लागते. पूर्वी जिना, लिफ्ट, गच्ची यांचा वाटा मिळवून फुगवलेला आकडा सांगत, तो प्रकार कागदावर तरी संपला. नोंदणीकृत करार करण्याआधी १० टक्क्यांहून अधिक रक्कम त्यांना घेता येत नाही. माझ्या माहेरच्या एका नातलगाने या कायद्याच्या आधी साध्या चिठ्ठीवर आठ लाख दिले होते. ती चिठ्ठी अजून त्यांच्या कपाटात आहे, इमारत नाही. तेव्हा हे नियम मी तोंडपाठ केले होते. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के जीएसटी, म्हणजे २ लाख ९० हजार, हेही माझ्या वहीत लिहिले होते. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या किंवा जुन्या घराला तो लागत नाही.

नकार दिला तो पाण्याने. पलीकडच्या इमारतीचा रखवालदार उभा होता, त्याला बाईंनी विचारले, "बाळा, टँकर किती येतात?" तो म्हणाला, "उन्हाळ्यात रोज सहा." बाईंनी पुढे काही विचारले नाही. पाणी गाळून वापरणारी, बादलीचा हिशेब ठेवणारी ती बाई, येताना गाडीत एवढेच म्हणाल्या, "विकतच्या पाण्याचं घर."

आणखी एक हिशेब ह्यांनी मांडला, तो माझ्या मनात आला नव्हता. ह्यांचा चौविहार आहे. पुण्यात जुलैच्या आरंभी सूर्यास्त सव्वासातच्या सुमारास होतो, पण डिसेंबरच्या सुरुवातीला सहाच्या सुमारासच. वाड्यातून गाळ्यावर डबा जाई. साडेपाचला शटरच्या मागे पोत्यावर बसून बापलेक जेवत. इतकी वर्षे मी त्यांना संध्याकाळचे गरम वाढलेच नव्हते. पिसोळीहून यार्ड सात-आठ किलोमीटर. संध्याकाळी खडी मशीन चौकात अर्धा तास गेला की दिवस मावळला. डबा तसाच चालू राहणार असेल तर मोठ्या स्वयंपाकघराचे करायचे काय? चौरस फुटांची तुलना आम्ही महिनाभर केली, आणि निर्णय मात्र पंचांग पाहून झाला. चढाच्या खालीच घर पाहायचे.

चढाच्या खाली घरे महाग. म्हणून बँकेत गेलो.

येथे व्यापारी कुटुंबांनी थोडे थांबून वाचावे असे मला वाटते. आमच्या गाळ्यावरून वर्षाला कोटींचा माल जातो. पण तो शेतकऱ्याचा किंवा व्यापाऱ्याचा असतो, आडत्याच्या हाती उरते ती आडत. आणि त्यातही तिघांचे वाटे. बँकेतील मुलगी माझ्या भाचीच्या वयाची. तिने तीन वर्षांची विवरणपत्रे पाहिली, ह्यांचे उत्पन्न ६ लाख ८० हजार धरले, महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याइतका हप्ता धरला, आणि साडेआठ टक्क्यांनी २० वर्षांसाठी ३२ लाखांचे कर्ज मिळेल असे सांगितले. हप्ता २७ हजार ८०० च्या आसपास. हे म्हणाले, "मॅडम, मार्केटमध्ये आमच्या शब्दावर यापेक्षा जास्त उधारी मिळते." ती नम्रपणे म्हणाली, "सर, कागदावर आहे तेवढंच मला दिसतं."

वर्षानुवर्षे ३१ जुलै आली की वजावटी शोधून ज्या लहान आकड्याकडे आम्ही समाधानाने पाहत होतो, तोच आकडा आता टेबलावरून आमच्याकडे पाहत होता. नोकरी करणारा माझा मावसभाऊ, ज्याच्या पगाराची आम्ही मनातल्या मनात कीव करत असू, त्याला पहिल्या भेटीत ५५ लाख मंजूर झाले होते. ज्यांच्या मुलांना पाच वर्षांनी घर घ्यायचे आहे, त्यांनी आपल्या सी.ए.शी या वर्षीच बोलावे.

गंगाधाम चौकाजवळ एक घर आम्हाला मनापासून आवडले. चौथा मजला, पूर्वेचे स्वयंपाकघर. मालक ओळखीचे, समाजातीलच. किंमत ८५ लाख. पैकी ३० लाख रोख हवे म्हणाले. ओळखीमुळे कमी करतील असे वाटले होते. त्यांना वाटले, ओळखीमुळे आम्ही रोख देऊ. कायदा स्पष्ट आहे. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून अधिक रोख घेता येत नाही, आणि घेणाऱ्याला घेतलेल्या रकमेइतकाच दंड होऊ शकतो. शिवाय करारात ५५ लाख लिहिले असते तर पुढे विकताना आमचा नफा कागदावर तीस लाखांनी फुगला असता, हा भाग सहसा कोणी सांगत नाही. पण भाऊ यातील काही बोलले नाहीत. रोकड जमवता आली असती, हे त्यांनी आमच्यासमोर मान्य केले. मग म्हणाले, "उद्या नातवानं विचारलं, घर कितीला घेतलं? तर त्याला दोन आकडे सांगायचे का?"

ते घर गेले. मी त्या रात्री रडले, आणि मनात भाऊंवर रागावलेही. दोन महिन्यांनी त्याच भागात, चौकापासून आत, बारा वर्षे जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावरचे घर मिळाले. ६४० चौरस फूट, ८२ लाख, सारे धनादेशाने. स्वयंपाकघर पश्चिमेचे. दुपारी तापते. पहिल्या घराची पूर्व मला अजून आठवते, आणि ती आठवण जाईल असे वाटत नाही.

दुसरा मजला पाहून दलाल हळहळला होता, "वरचा मिळाला असता तर हवा, दृश्य..." आम्हाला तर तोच हवा होता. महाराज साहेब आणि सतीजी गोचरीला येतात ते जिना चढून. लिफ्टचा वापर ते करत नाहीत. अकराव्या मजल्यावर भावना कितीही असली तरी पात्र पोहोचणार कसे? आणि नव्या इमारतींत वरच्या मजल्याला दर वाढत जातो. दुसऱ्या मजल्याने धर्म आणि पैसा दोन्ही राखले, याचा भाऊंना व्यापारी आनंद झाला.

वकिलांनी मूळ मालकापासूनचे करार, सोसायटीचे भागपत्र, ना-हरकत दाखला सारे तपासले आणि विचारले, "जमिनीचं कन्व्हेयन्स झालंय का?" झालेले होते. न झालेल्या इमारती या पट्ट्यात पुष्कळ आहेत. घरे लोकांची, जमीन अजून बिल्डरच्या नावे. पुनर्विकासाची वेळ आली की जागे व्हायचे. मानीव अभिहस्तांतरणाची सोय कायद्यात आहे, पण सोसायटीच्या सभेत हा विषय काढणारा माणूस सगळ्यांना कटकट्या वाटतो.

मग नावाचा प्रश्न आला.

खरेदी केवळ स्त्रीच्या नावे असेल तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात १ टक्का सवलत आहे. पुण्यात ७ टक्क्यांऐवजी ६. नवऱ्याचे नाव सोबत घातले की ती जाते. पूर्वी असे घर स्त्रीला १५ वर्षे पुरुषास विकता येत नसे. ती अट २०२३ मध्ये निघाली. सी.ए. म्हणाले, "८२ हजार वाचतात. हे नव्या करप्रणालीत आहेत, म्हणजे व्याजाची वजावट तशीही मिळत नाही. मालक वहिनी, कर्जात दोघं." भाऊंनी आधी बाईंकडे पाहिले. बाईंनी एका चातुर्मासात परिग्रहाची मर्यादा केली आहे. परिग्रहाच्या प्रकारांत क्षेत्र आणि वास्तू अगदी आरंभी येतात, आणि वास्तू त्यांनी एकच ठेवली आहे. "माझं वाड्यातलं धरलं आहे," त्या म्हणाल्या. "आता सुनेचं घाला."

आमच्या घराण्यात स्त्रीच्या नावावर आजवर काही नव्हते. माझ्या आईच्या नावावर नव्हते. बाईंच्या नावावर नव्हते, तरी त्यांनी मर्यादा केली. हे मला तोवर कधी विचित्र वाटले नव्हते. आणि माझे नाव लागले ते एका टक्क्यासाठी. मला वाईट वाटले का? क्षणभर वाटले. मग कर्जाखेरीजचे ५० लाख आणि वरचा ५ लाख २२ हजारांचा मुद्रांक-नोंदणीचा खर्च कोठून आणायचा याचा हिशेब बसलो. भाऊंनी पेढीतील आपल्या खात्यातून २५ लाख दिले, मुदत ठेवी १८ लाखांच्या होत्या, जेठजींनी कोणी न मागता ५ लाख आणून ठेवले, "वाड्यातली तुमची जागा आम्ही वापरणार ना," म्हणाले. राहिले सात. माझ्या पाटल्या आणि माहेरचा हार मी मोडला. पूर्वी असा प्रसंग आला असता तर देताना हात जड झाला असता. या वेळी नाही झाला. माझेच घर, माझेच सोने. एका खात्यातून दुसऱ्या खात्यात. मीही अखेर भुसारवाल्याचीच मुलगी.

दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात छायाचित्र काढणारा कारकून म्हणाला, "खरेदीदार कोण? पुढे या." हे, भाऊ आणि जेठजी तिघेही सवयीने एक पाऊल पुढे झाले. मग तिघेही मागे सरले.

राहायला येण्याआधी दलालाने आम्हाला एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली होती, "वहिनी, सगळे आपलेच लोक आहेत." खरे आहे. मजल्यावर चारही घरे जैन. कांदा-लसणाचा वास नाही, पर्युषणात जिन्यात शांतता, स्थानक पायी दहा मिनिटांवर, बाई एकट्या जातात. याचे सुख मी रोज घेते, नाकारत नाही. परंतु वाड्यात समोरच्या खोलीत लाकूड बाजारातील एका मुस्लिम व्यापाऱ्याचे कुटुंब होते. तेथील चाची बाईंच्या वर्षीतपाच्या पारण्याला उसाचा रस घेऊन आल्या होत्या, नवे भांडे विकत घेऊन, कारण त्यांच्या घरचे चालणार नाही हे त्यांना न सांगता ठाऊक होते. माझ्या मुलांना येथे असे कोणी भेटणार नाही. सोबत राहूनच जी समज येते ती त्यांना कोठून द्यायची, याचे उत्तर मला सापडलेले नाही.

भाऊ आले नाहीत. सामान हलवले त्या दिवशी ते गाळ्यावरून सरळ वाड्यात गेले. म्हणाले, थोरल्याकडेही कोणी हवे. बाई आमच्याकडे, भाऊ तिकडे. साठीनंतर नवरा-बायकोची अशी वाटणी झालेली मला पाहवेना. संध्याकाळी साडेपाचला ह्यांच्यासोबत जेवायला मात्र ते येऊ लागले. गरम फुलका, वरण, एखादी भाजी. जेवून, हात धुऊन, सूर्य असेतो बाल्कनीत बसत आणि चढावरून उतरणारे ट्रक मोजत. कोणता नगरचा, कोणता बार्शीचा, हे त्यांना ताडपत्रीवरून कळे. मग पेठेत परत जात. असे दोन महिने चालले.

एके दिवशी टेबलावर विजेचे बिल होते. नाव बदलून आलेले पहिलेच. भाऊंनी चष्मा लावून ते उचलले आणि माझे नाव, वडिलांनी लग्नात दिलेल्या हाताइतक्याच सावकाशीने, नवऱ्याच्या नावासह आणि आडनावासह पूर्ण वाचले. मी ओट्यापाशी उभी होते. त्यांनी बिल उलटे केले, खिशातील पेनने पाठीवर आलेली तारीख घातली, जशी ते गाळ्यावरच्या प्रत्येक कागदावर घालतात. मग पिशवीतून बिले ओवायची एक जुनी लोखंडी तार काढली. ती त्यांनी वाड्यातून आणली होती.

"खिळा कुठं ठोकू?" त्यांनी मला विचारले.